‘केलेले ९० टक्के लक्षात राहते’ : डेल यांच्या नावावरील निराधार आकडे

कर्मचाऱ्यांसाठी ई-लर्निंगची आखणी करताना ‘वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के आणि स्वतः केलेले ९० टक्के लक्षात राहते’ हे विधान अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर सर्रास सांगितले जाते. वस्तुतः डेल यांनी १९४६ साली मांडलेल्या ‘अनुभवांचा शंकू’ या आकृतीत एकही टक्केवारी नव्हती, त्यात प्रत्यक्ष अनुभवापासून अमूर्त शब्दांपर्यंत शिकवण्याच्या साधनांची केवळ मांडणी होती, आणि ती शब्दशः घेऊ नये, असे त्यांनीच बजावले होते. आकडे नंतर चिकटवले गेले. स्मरण हे मजकूर, पूर्वज्ञान, मध्ये गेलेला काळ आणि चाचणीची पद्धत यांवर अवलंबून असल्याने असे सरसकट आकडे संभवतच नाहीत. त्यांच्या जोरावर चांगला लेखी मजकूर काढून निव्वळ क्लिक करण्याच्या कृती भरणे हा शिकणाऱ्यावर अन्याय आहे. शिकलेले काही दिवसांनी न पाहता आठवायला लावणारे प्रश्न मात्र स्मरण टिकवतात, हे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे.