डिसेक्शनच्या टेबलावरची मुशी गेली कशी?

प्राणीशास्त्रात एम.एस्सी. करून पंधरा-वीस वर्षं उलटलेल्या कुणालाही विचारा, स्कोलिओडॉनचं नाव निघतंच. स्कोलिओडॉन म्हणजे आपली बाजारातली मुशी, लहान जातीचा शार्क मासा. तिचं डोकं ट्रेमध्ये पक्कं करायचं, कातडी सोलायची आणि स्काल्पेलने कूर्चा पातळ पातळ तासत क्रेनियल नर्व्ह, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसा, मोकळ्या करायच्या. परीक्षेला ठरलेल्या चार: पाचवी, सातवी, नववी, दहावी. हात जरा जड पडला की नर्व्ह तुटायची. आज एम.एस्सी.ला येणारा विद्यार्थी हे सगळं संगणकाच्या पडद्यावर पाहतो. हा बदल समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या. प्राणीशास्त्राची पुस्तकंही तिकडचीच. त्यातलं गांडूळ युरोपातलं, बेडूकही युरोपातला. विद्यार्थी वाचायचा एक प्राणी आणि समोर ट्रेमध्ये असायचा दुसराच.

ही अडचण लखनौ विद्यापीठाच्या के. एन. बहल यांनी मनावर घेतली. एकेका भारतीय प्राण्यावर एकेक सविस्तर पुस्तिका काढायची, अशी ‘इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स’ ही मालिका त्यांनी सुरू केली. 1926 साली आलेली पहिली पुस्तिका त्यांनी स्वतः लिहिली, फेरेटिमा या आपल्याकडच्या गांडुळावर. त्याआधीच त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली होती. युरोपातल्या गांडुळाच्या उत्सर्जक नलिका त्वचेवरच्या छिद्रांतून बाहेर उघडतात, पण फेरेटिमाच्या शरीरातल्या आडव्या पडद्यांवरच्या असंख्य बारीक नलिका आतड्यात उघडतात. त्यामुळे टाकाऊ द्रवातलं पाणी शरीराला परत शोषून घेता येतं. इंग्रजी पुस्तक प्रमाण मानून बसलेल्याला हे कधी दिसलंच नसतं. मालिकेतली स्कोलिओडॉनवरची पुस्तिका 1928 साली ई. एम. थिल्लयम्पलम यांनी लिहिली, तर गोड्या पाण्यातल्या कोळंबीवरची, म्हणजे पॅलेमॉनवरची, 1937 साली एस. एस. पटवर्धन यांनी. भारतातलं प्राणीशास्त्र खऱ्या अर्थाने भारतीय झालं ते या पुस्तिकांमुळे, असं मला वाटतं. पुढच्या कित्येक पिढ्यांची पाठ्यपुस्तकं त्यांच्यावरच उभी राहिली.

मात्र जे काम संशोधन म्हणून सुरू झालं, त्याचा हळूहळू परिपाठ झाला. कॉलेजं वाढली, विद्यार्थी वाढले. उत्तर आधीच छापलेलं असताना तोच बेडूक, तेच झुरळ वर्षानुवर्षं कापलं जाऊ लागलं. शेतातले किडे खाणारा बेडूक तर दोन्हीकडून मारला जात होता, प्रयोगशाळेसाठी आणि परदेशी जाणाऱ्या तंगड्यांसाठी. तंगड्यांच्या निर्यातीवर 1987 साली बंदी आली. डिसेक्शन त्यानंतरही चालूच राहिलं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 साली मार्गदर्शक सूचना काढून ते टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्याऐवजी जैवविविधतेवरचा प्रकल्प निवडण्याची मुभा होती. 2014 साली पदवी आणि पदव्युत्तर या दोन्ही स्तरांवर प्राणीशास्त्र व जीवशास्त्रातलं डिसेक्शन पूर्ण बंद करण्याचा आदेश निघाला. हाताचं कौशल्य गेलं, ही अनेक शिक्षकांची तक्रार खोटी नाही. तरीही बंदी योग्यच होती, असं माझं ठाम मत आहे. माझी खंत वेगळी आहे. मुशी गेली, पण त्या तासाला जिवंत प्राणी मात्र आला नाही.

जिवंत प्राण्याचा अभ्यास आपल्याकडे विद्यापीठाच्या बाहेर वाढला. सलीम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. बर्लिनला पक्षीशास्त्रज्ञ स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून ते 1930 साली परतले तेव्हा नोकरीही उरली नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीची घरटी पाहिली. नर घरटं अर्धवट विणून ठेवतो, मादी येऊन ते तपासते आणि तिने पसंत केलं तरच तो ते पुरं करून दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे नोंदवलं. पुढे मुंबई विद्यापीठाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला मान्यता दिली आणि बिनपदवीचे सलीम अली पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीव विज्ञानाची एम.एस्सी. सुरू व्हायला 1988 साल उजाडलं. तिची पदवी राजकोटच्या सौराष्ट्र विद्यापीठाची होती.

आणि विषय शोधायला लांब जावं लागतं असंही नाही. आंबोलीच्या कातळावर पहिल्या पावसात दिसणारा पिवळसर पट्ट्यांचा भेक स्वतंत्र जात म्हणून शास्त्रात नोंदला गेला तो 2009 साली. सह्याद्रीतल्या देवगांडुळांच्या, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायाच्या उभयचरांच्या, जीवनक्रमाबद्दल अजून खूप काही शोधायचं आहे. 2011 च्या सूचनांतला प्रकल्पाचा पर्याय अशाच कामासाठी वापरता येण्याजोगा आहे. त्यासाठी पावसाळ्यात विभागाने गाडी, एक जाणता शिक्षक आणि चार दिवसांची सवड द्यायला हवी.