फांद्यांची विरळणी

फांद्यांची विरळणी म्हणजे झाडाची उंची आणि घेर आहे तेवढाच ठेवायचा आणि आतल्या काही फांद्या निवडून काढायच्या, की छत्रीच्या आत उजेड शिरतो, वारा फिरतो. शेंडा मारणं वेगळं, खालच्या फांद्या काढून बुंधा मोकळा करणं वेगळं, आणि कुऱ्हाडीने सगळं भादरून नुसतं खोड उभं ठेवणं ही तर विरळणी नाहीच, पण गावात या सगळ्यालाच छाटणी म्हणतात त्यामुळे मजुराला पहिलं झाड स्वतः उभं राहून दाखवलेलं बरं.

विदर्भात हे काम सगळ्यात जास्त संत्र्यात चालतं, म्हणजे वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड, अचलपूर, चांदूर बाजार हा पट्टा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बागा बघाल तर बऱ्याच इतक्या दाट झाल्यात की भर दुपारी आत अंधार. लागवड साधारण ६ बाय ६ मीटरवर असते, हेक्टरी २७७ झाडं, आणि बाग भरात आली की फांद्या एकमेकांत घुसतात. मग बाहेरची पानं बहुतेक उजेड खाऊन टाकतात, आतल्या पानाला मिळतो त्यात त्याचं स्वतःचंही भागत नाही, झाड ते पान गाळून टाकतं, ती फांदी वाळते, आणि त्या वाळक्या काड्यांना बागाईतदार सल म्हणतात. फळ नुसतं वरच्या थरात राहतं, आत पोकळ. त्यात काळी माशी अशा दमट सावलीत जोमाने वाढते, रस पिते आणि चिकट गोड पाणी सोडते, त्यावर काळी बुरशी चढते, हीच ती कोळशी. पान काळं पडलं की उरलासुरला उजेडही अडतो. फवारा कितीही मारा, दाट झाडात तो आतपर्यंत जातच नाही.

काम सुरू करायचं ते सलीपासून. वाळलेली काडी कापताना खालचा हिरवा भाग साधारण २ सेंमी सोबत घ्यायचा, कारण रोग वाळल्या भागाच्या थोडा पुढे गेलेला असतो. मग पानसोट, म्हणजे सरळ वर गेलेले जाड, काटेरी, हिरवेगार फुटवे, जे फळ देत नाहीत पण खातात भरपूर. डोळा बांधला त्याच्या खालून निघालेला फुटवा तर जंभेरीचा, म्हणजे ज्या रानटी लिंबाच्या खुंटावर संत्र्याची कलम बांधतात त्याचा असतो, तो दिसला की लगेच काढायचा, त्याला वेळकाळ नाही. त्यानंतर एकमेकींवर घासणाऱ्या, आतल्या दिशेने वळलेल्या फांद्या. एवढं केलं तरी बऱ्याच झाडांचं काम झालेलं असतं. जिवंत पाला एका खेपेत पाव हिश्श्याच्या वर काढू नये, आणि संत्र्यात तर त्याहून कमीच, कारण हे सदाहरित झाड आहे, त्याचा अन्नसाठा बराचसा पानातच असतो. सीताफळासारखी पानगळ होणारी झाडं जोरात छाटलेली सोसतात, ते बघून संत्र्यावर तीच करवत चालवली तर पुढचा बहार हातचा जातो.

फांदी जिथून निघते तिथे बुडाशी फुगीर गोट असतो, काप त्याच्या अगदी बाहेरून घ्यायचा. गोट कापला तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो सडतो. जाड फांदी असेल तर थोडं दूर खालून अर्धवट काप, मग वरून, फांदी पडली की उरलेला तुकडा, नाहीतर वजनाने साल खोडापर्यंत सोलून येते. कापावर बोर्डो पेस्ट लावतात, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, आणि रोगट झाडावरून दुसऱ्यावर जाताना कैची सोडियम हायपोक्लोराइटच्या (जंतुनाशकाच्या) पाण्यात बुडवून घेतात.

वेळ तोडणीनंतरची. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांची, फळं थंडीत उतरली की फूट यायच्या आधी काम उरकायचं. मृगाची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांची, तोडणी फेब्रुवारी-मार्चला सरकते आणि मग ऊन डोक्यावर असतं, तिथे हात आखडताच ठेवावा लागतो. आपल्याकडे खरी गोम हीच आहे, झाडाला उजेड पाहिजे, मे महिन्याचं ४५ अंशाचं ऊन नको. थंड मुलखातल्या पुस्तकात मधली छत्री उघडा म्हणतात, ते इथे तसंच केलं तर सावलीत वाढलेली कोवळी साल भाजते, तडकते आणि तिथूनच पुढचे रोग शिरतात. म्हणून दक्षिण-पश्चिम बाजूचा पाला राखायचा, उघडं पडलेलं खोड चुन्याने रंगवायचं. आतल्या सगळ्या बारीक डहाळ्या साफ करून पाला फक्त फांदीच्या टोकाला ठेवणं ही पण नेहमीची चूक, दिसायला झाड स्वच्छ दिसतं पण फांदी वाऱ्याने मोडते.

धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाचं, बाभळीचं गणित जरा वेगळं, तिथे उजेड झाडाला नाही तर वावरातल्या पिकाला पाहिजे. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे, जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर म्हणून खरिपात सावली आखूड, पण डिसेंबरात भर बाराला पण सावली झाडाच्या उंचीएवढी, आणि पडते उत्तरेला. म्हणजे दक्षिण धुऱ्यावरचं झाड हरभऱ्याला नडतं, उत्तरेकडचं फारसं नाही, तरी शेजाऱ्याशी भांडणं बहुतेक चुकीच्याच झाडावरून होतात. दिवाळीच्या आसपास दक्षिणेकडची झाडं विरळ केली की पुरतं. अख्खं झाड पाडायचं असेल तर मात्र महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, मोह, चिंच, आंबा अशी झाडं येतात, त्यांना परवानगी लागते, स्वतःच्या वावरात असली तरी.

निघालेला निंबाचा, बाभळीचा पाला बकऱ्या संपवतात, जाड लाकूड सरपणात जातं. संत्र्याची सल मात्र बागेत ढीग लावून ठेवू नये, त्यातली बुरशी पावसात परत झाडावर येते, बाहेर नेऊन जाळतात.