फायरवॉलने कोणाला सोडले?

फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरचा पहारेकरी: कोणती जोडणी सोडायची, कोणती अडवायची, हे तो नियमांनुसार ठरवतो. त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, मुख्यतः दोन तऱ्हेच्या ओळी येतात: अडवलेल्या जोडण्यांच्या आणि सोडलेल्या जोडण्यांच्या. सोडलेल्यांची संख्या प्रचंड असते. म्हणून साठवणुकीचा खर्च टाळायला अनेक ठिकाणी फक्त अडवलेल्यांच्याच नोंदी सुरक्षा देखरेखीच्या यंत्रणेकडे धाडल्या जातात. माझ्या मते ही काटकसर चुकीच्या जागी होते. जे अडवले गेले, ते आत पोहोचलेच नाही. शोध घ्यायचा तो जे पार झाले त्याचा.

समजा, आतल्या एखाद्या संगणकात घातक प्रोग्राम शिरला. पुढचे आदेश घ्यायला तो ठरावीक वेळाने बाहेरच्या सर्व्हरशी बोलतो, तेही बहुधा पोर्ट ४४३ वरून, म्हणजे नेहमीच्या वेब वाहतुकीच्याच वाटेने. फायरवॉलच्या नियमांत ही जोडणी बसते, त्यामुळे ती सुटते. एकेक ओळ सुटी वाचली तर तिच्यात काहीच खटकत नाही. पण आतला पत्ता तोच, बाहेरचा तोच, दर पाच मिनिटांनी, रात्रभर, आणि दर वेळी जवळपास तेवढेच बाइट, हे चित्र शेकडो ओळी एकत्र मांडल्यावरच दिसते. अपडेट तपासणारे साधे प्रोग्रामही असेच वागतात, त्यामुळे शेवटी माणसालाच खात्री करावी लागते. पण त्याने कुठे पाहायचे, हे त्या नोंदींतूनच कळते. बाहेर गेलेल्या बाइटांचा आकडा तर बऱ्याच फायरवॉलमध्ये जोडणी संपतानाच्या नोंदीत येतो. फक्त सुरुवातीची नोंद ठेवली, तर किती डेटा गेला हे कळायचे साधनच उरत नाही.

ओळी फायरवॉलमध्येच ठेवून भागत नाही. तिथली जागा थोडी असते, जुन्या ओळींवर नव्या लिहिल्या जातात, आणि फायरवॉलच ताब्यात घेणारा हल्लेखोर आपल्या खुणा पुसू शकतो.

या नोंदी फायरवॉलबाहेर पाठवण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे सिसलॉग. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कली येथे सेंडमेल या ईमेल प्रणालीसाठी ती तयार केली. सिसलॉग संदेशाच्या सुरुवातीला कोनी कंसात एक आकडा असतो, उदाहरणार्थ <१३४>. त्याला ८ ने भागा: भागाकार १६ हा संदेश कोणत्या गटातला ते सांगतो, बाकी ६ त्याची तीव्रता. ० म्हणजे आणीबाणी, ७ म्हणजे केवळ दोष शोधण्यापुरती माहिती. सुटलेल्या जोडणीची नोंद बहुधा ६ वर, ‘माहिती’ म्हणून येते. ‘४ आणि त्याहून गंभीर तेवढेच पाठवा’ अशी मर्यादा घातली की ती नोंद वाटेला लागतच नाही.

पारंपरिक सिसलॉग यूडीपी या डेटा पाठवण्याच्या साध्या पद्धतीने, पोर्ट ५१४ वरून जातो. यूडीपीत पोचपावती नसते. हल्ल्याच्या वेळी नोंदींचा पूर येतो आणि नेमक्या तेव्हाच काही हरवतात, ते कोणालाही न कळता. पोचपावती घेणारी टीसीपी ही पद्धत वापरली तर हे बरेच कमी होते. टीएलएसचे, म्हणजे मजकूर सांकेतिक करणारे, आवरण घातले, ज्यासाठी पोर्ट ६५१४ ठरलेले आहे, तर वाटेत कोणी या नोंदी वाचूही शकत नाही.

वेळेचा घोळ याहून चिवट. जुन्या सिसलॉगच्या वेळेत ना वर्ष असते, ना वेळक्षेत्र. २००९च्या मानकाने ही उणीव भरून काढली, तरी जुना साचा आजही सर्रास भेटतो. फायरवॉल आणि सर्व्हर यांची घड्याळे एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने, जुळवलेली नसतील, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हेच उलटे दिसू शकते.

नोंद पोहोचली म्हणजे ती समजली, असेही नाही. स्रोताच्या पत्त्याला एक फायरवॉल ‘एसआरसी’ म्हणते, दुसरी ‘एसआरसीआयपी’. स्प्लंक, वाझू, ग्रेलॉग अशा नोंदी गोळा करून तपासणाऱ्या यंत्रणा या नावांना एका साच्यात आणतात. फायरवॉलच्या अपडेटनंतर ओळीची रचना बदलली, तर ओळ साठवली जाते, पण तिच्यातला पत्ता वेगळा काढता येत नाही आणि त्यावर बेतलेला नियम गप्प राहतो. म्हणून प्रत्येक अपडेटनंतर मुद्दाम एक जोडणी करून तिची नोंद यंत्रणेत नीट उलगडते का, ते पाहावे. आणि नोंदी येणेच थांबले तर त्याचाही अलर्ट हवा. किती वेळाची शांतता संशयास्पद, हे मात्र प्रत्येक फायरवॉलच्या रोजच्या वर्दळीवरून ठरवायचे: गजबजलेल्या नेटवर्कवर पाच मिनिटेही फार झाली, छोट्या कार्यालयात रात्रीचा एक तासही चालून जातो.