कमी पगारावर सही केली म्हणून हक्क जात नाही

‘ठरलेल्या पगारावर सही केलीस, आता किमान वेतन मागता येणार नाही.’ हे वाक्य कंत्राटदार वर्षानुवर्षे ऐकवतात. ते खोटं आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्यातही असा करार रद्दबातल होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही (कलम 60) तो तसाच आहे.

जुन्या कायद्यात दाव्याची मुदत सहा महिने होती, आता तीन वर्षं आहे. पैसे दिल्याचं सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात (कलम 59). तरी हजेरीचे फोटो आणि बँकेचा उतारा जपाच.

दाव्याच्या अर्जात महिनावार तक्ता हवा. समजा किमान वेतनाचा रोजचा दर 500, मिळाले 380, दिवस 26: फरक 3,120 रुपये. नुसतं ‘पगार कमी देतात’ लिहिलं, की सुनावणी आकड्यांतच अडते. जादा तासांचा दुप्पट दर वेगळा मांडा. कंत्राटदारासोबत मूळ कंपनीलाही प्रतिवादी करा. तो बुडाला तर तीच जबाबदार. अनेकांचा मिळून एकच अर्ज चालतो, नोंदणीकृत युनियनही तो करू शकते. चौकशी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करा.

फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते, पण ती कमाल मर्यादा आहे. आदेशानंतरही मालकाने पैसे थकवले, तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते.