सहा अब्ज पौंड महापौरांच्या हातात नाहीत

‘२०१६ पासून इंग्लंडमधल्या ग्रेटर मँचेस्टर या महानगर प्रदेशाचे आरोग्याचे ६ अब्ज पौंड महापौर ठरवतील तसे खर्च होतात,’ हे सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. नवा पैसा होता तो पाच वर्षांसाठी ४५ कोटी पौंडांचा परिवर्तन निधी. बाकी रक्कम आधीचीच. आरोग्य आणि देखभालीचं नियोजन तेवढं एकत्र आलं. रुग्णालयांचा पैसा एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेकडूनच येतो, वृद्धांच्या देखभालीचा दहा नगरपरिषदांकडून.

खरी अडचण इथेच आहे. आजीबाई बऱ्या होतात, पण घरी मदतनीस ठरेपर्यंत खाट अडून राहते. उपचार मोफत, देखभालीला मात्र २३,२५० पौंडांवर मालमत्ता असल्यास सहसा स्वखर्च. २००६ च्या एनएचएस कायद्यातील कलम ७५ नुसार दोन्ही निधी एकत्र करता येतात, पण मोफत-सशुल्क ही रेघ त्याने पुसली जात नाही.