वानखेडेवरच्या चाहत्याची जागा: पार्श्वभूमी

मुंबईत क्रिकेटवर जीव टाकणाऱ्याला मैदानात जागा कोणी द्यायची, हा वाद ब्रेबॉर्न स्टेडियमइतकाच जुना आहे. १९३७ मध्ये ते उभं राहिलं आणि तिथल्या पहिल्याच पंचरंगी स्पर्धेतून, म्हणजे हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘शेष’ अशा पाच संघांच्या स्पर्धेतून, हिंदूंचा संघ बाहेर राहिला. कारण जागावाटप. नव्या स्टेडियममध्ये आपल्या वाट्याला आलेल्या जागा फारच थोड्या आहेत, अशी तक्रार होती. धर्मावार संघ असलेल्या या सामन्यांना गांधीजींनी डिसेंबर १९४० मध्ये उघड विरोध केला, तरी गर्दी ओसरली नाही. १९४३ च्या अंतिम सामन्यात ‘शेष’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे या मराठी ख्रिस्ती फलंदाजाने काढल्या. स्पर्धा १९४६ मध्ये संपली. जागांचा वाद मात्र संपला नाही.

तो चिघळला सत्तरच्या दशकात. ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या क्लबचं, तर कसोटी सामने भरवण्याचं काम शहराच्या क्रिकेट संघटनेचं, म्हणजे बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचं. म्हणजे यजमान एक आणि घरमालक दुसरा. दर मोठ्या सामन्याआधी संघटनेला किती तिकिटं मिळणार यावरून घासाघीस व्हायची. क्लबची बाजू पोकळ नव्हती. स्टेडियम त्यांनी उभारलं होतं, देखभाल तेच करत होते आणि सभासदांनी वर्गणी भरली होती ती सामने बघायला मिळावेत म्हणूनच. पण संघटनेच्या मागे गिरगाव, दादर, परळचे मैदानी क्लब होते. आझाद मैदानावर आणि शिवाजी पार्कवर शनिवार-रविवार घालवणारी, स्कोअरबुक लिहिणारी, पावसाळ्यात कांगा लीगच्या चिखलात उभी राहणारी माणसं होती. कसोटी आली की त्यांच्यासाठी उरायची ती ईस्ट स्टँडची स्वस्त तिकिटं, तीही पुरेशी नाहीत. नोव्हेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका फलंदाजाला बाद दिल्यावरून ब्रेबॉर्नवर जाळपोळ झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी प्रेक्षकांना दोष दिला. दोष होताच. पण त्या स्टँडमध्ये माणसं कशी बसवली जात होती, हेही तेव्हाच लिहायला हवं होतं.

फेब्रुवारी १९७३ मधल्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर बोलणी तुटली. तरुण आमदारांना सामना भरवायचा होता आणि क्लबने नकार दिला, ही कथा मुंबईत अजून सांगितली जाते. त्या नकाराच्या शब्दांचे इतके पाठ ऐकायला मिळतात की कुठलाच इथे देत नाही. नक्की आहे ते इतकंच की संघटनेचं नेतृत्व तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्याकडे होतं आणि त्यांनी स्वतंत्र स्टेडियमचा निर्णय रेटला. चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मध्ये, रेल्वे रुळांना लागून, ब्रेबॉर्नपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, सुमारे तेरा महिन्यांत बांधकाम उरकलं. तेच वानखेडे स्टेडियम.

हा निर्णय आजही टीकेचा विषय आहे. चांगलं, देखणं मैदान असताना हाकेच्या अंतरावर दुसरं कशाला? हा अहंकाराचा खर्च होता, असं म्हणणाऱ्यांत खेळाडूही होते. अहंकार होता, राजकारण होतं, मराठी-अमराठी अशी किनारही त्याला लावली गेली. तरीही माझ्या मते निर्णय योग्य होता. ब्रेबॉर्नवर सामान्य प्रेक्षक हा उरलेल्या जागेचा पाहुणा होता. वानखेडेवर पहिल्यांदाच मैदानी क्लबांचा तिकिटांवर हक्क आला, आणि परळच्या पोराला क्लबच्या सेक्रेटरीकरवी का होईना, कसोटीचं तिकीट मागता येऊ लागलं.

जानेवारी १९७५ मध्ये तिथली पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइडने द्विशतक पूर्ण केलं, तेव्हा एक तरुण प्रेक्षक त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली आणि स्टँड पेटून उठले. बराच वेळ खेळ थांबला. ज्याच्यासाठी हे सगळं घडलं तो फलंदाज पाहुण्या संघाचा होता, आणि तो २४२ वर नाबाद राहिला. निष्ठावान चाहत्याबद्दल बोलताना मला त्या दंगलीपेक्षा त्या तरुणाचं ते धावत जाणं अधिक महत्त्वाचं वाटतं.

पुढे हक्काच्या तिकिटांचीही वाटणी होत गेली. संलग्न क्लब, सरकारी खाती, प्रायोजक, आंतरराष्ट्रीय संघटना, सगळ्यांचा कोटा. २०११ च्या विश्वचषकासाठी स्टेडियमची पुनर्बांधणी झाली आणि सुमारे ४५ हजारांची क्षमता ३३ हजारांवर आली. अंतिम सामन्याची जेमतेम ४ हजार तिकिटं सर्वसामान्यांसाठी होती. ती विकणारं संकेतस्थळ कोसळलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकरच्या दोनशेव्या, शेवटच्या कसोटीसाठी खुली तिकिटं सुमारे ५ हजार, आणि संकेतस्थळ पुन्हा कोसळलं. ‘सचिन, सचिन’चा जो गजर जगाने त्या दिवशी ऐकला, तो प्रामुख्याने ओळखीतून आत आलेल्यांचा होता. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण चर्चगेटपर्यंत येऊन परतलेल्यांची निष्ठा मोजायची सोय कुठल्याच नोंदवहीत नाही.

त्याच मैदानावर मार्च २००६ मध्ये त्याच खेळाडूची हुर्यो उडवली गेली होती. २१ चेंडूंत १ धाव करून तो परतत होता. चाहत्यांनी असं करावं का, यावर तेव्हा खूप लिहिलं गेलं. माझ्या मते निष्ठेत रागावण्याचा अधिकार येतो, पण त्याची मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये ओलांडली गेली. आयपीएलमधल्या मुंबई इंडियन्सचा कर्णधार बदलल्याचा राग प्रेक्षकांनी नव्या कर्णधारावर, हार्दिक पंड्यावर काढला, तोही आपल्याच शहराच्या संघाच्या. नाणेफेकीच्या वेळी समालोचकाला ‘नीट वागा’ म्हणावं लागलं. संघ कोणी चालवावा हे तिकीट काढणाऱ्याला कोणी विचारत नाही, हे खरं. पण त्याचा जाब खेळाडूला विचारणं अन्यायाचं होतं.

तीनच महिन्यांनी, ४ जुलै २०२४ रोजी टी-२० विश्वचषक जिंकलेला संघ मरीन ड्राइव्हवरून वानखेडेवर आला. त्या संध्याकाळी प्रवेश मोफत होता, कोटा नव्हता, जो आधी येईल त्याला जागा होती. दुपारपासून पावसात उभ्या असलेल्यांनी स्टँड भरले, आणि एप्रिलमध्ये ज्याची हुर्यो उडवली होती त्याच्या नावाचा गजर केला.