हजारो टेबलं आली की पीएचपीमायअॅडमिन का अडकतं?

डेटाबेसच्या नावावर क्लिक केलं की पांढरं पान, आणि थोड्या वेळाने टाइमआउट. जुन्या सर्व्हरवर मोठं वर्डप्रेस मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट) सांभाळणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. शिव्या पीएचपीमायअॅडमिनला, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायच्या साधनाला, पडतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त दोष खालच्या मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरचा होता.

टोबियास रॅटशिलर यांनी 1998 मध्ये हे साधन लिहायला घेतलं, तेव्हा छोट्या साइटला मूठभर टेबलं पुरत. टेबलांच्या यादीत प्रत्येकाच्या ओळी आणि आकारही दिसावा, ही सोय तेव्हा स्वस्त होती. मायएसक्यूएलचं मायआयसॅम इंजिन (टेबलं साठवणारा भाग) ओळींची संख्या टेबलासोबतच नोंदवून ठेवायचं. विचारलं की उत्तर तयार.

2010 हे वर्ष इथे निर्णायक ठरलं. जूनमध्ये वर्डप्रेस 3.0 आलं आणि मल्टिसाइट मूळ पॅकेजमध्येच मिळू लागलं. त्यात प्रत्येक नव्या साइटला पोस्ट, कॉमेंट, ऑप्शन अशी स्वतंत्र टेबलं मिळतात, साधारण दहा. हजार साइट झाल्या की दहा हजार टेबलं. डिसेंबरमध्ये मायएसक्यूएल 5.5 आलं आणि इनोडीबी हे डिफॉल्ट इंजिन झालं. इनोडीबी ओळींचा नेमका आकडा साठवत नाही, कारण एकाच क्षणी दोन ट्रान्झॅक्शनना (एकत्र पार पडणाऱ्या कामांच्या गटांना) वेगवेगळ्या ओळी दिसू शकतात. यादीत आकड्याआधी दिसणारं नागमोडी चिन्ह त्या अंदाजाचंच.

अंदाज काढायलाही खर्च येतोच. तेव्हा प्रत्येक टेबलाची व्याख्या डिस्कवर वेगळ्या फाइलमध्ये असे. मायएसक्यूएल 5.0 पासून टेबलांची माहिती पुरवणारा इन्फर्मेशन स्कीमा होता, पण त्याला आकार-ओळी विचारल्या की तो एकेक टेबल उघडत बसे. त्यावर कळस म्हणजे मेटाडेटा, म्हणजे टेबलाविषयीची ही माहिती, नुसता वाचला तरी इनोडीबी आकडेवारी नव्याने काढायचं, दर इंडेक्सची (शोधसूचीची) आठ पानं चाळून. असं करायला लावणारी सेटिंग (innodb_stats_on_metadata) 5.6.6 मध्ये डिफॉल्ट बंद झाली. तोवर नुसती यादी पाहणं म्हणजे गावभर शिरगणती करण्यासारखं होतं. कमांड लाइनही सुटली नाही: नावं आपोआप पुरी करता यावीत म्हणून मायएसक्यूएल क्लायंट सुरुवातीलाच सगळी टेबलं वाचतो, आणि ते बंद करायचा पर्याय स्वतःच सुचवतो.

पीएचपीमायअॅडमिननेही हात आखडता घेतला. 2013 च्या 4.0 आवृत्तीत फ्रेम (पानाचे स्वतंत्र लोड होणारे तुकडे) गेल्या, डावीकडे झाडासारखी यादी आली. आता टेबलांची यादी एका पानावर डिफॉल्ट अडीचशेच दाखवते.

खरा इलाज एप्रिल 2018 मध्ये मायएसक्यूएल 8.0 ने केला. विखुरलेल्या व्याख्या इनोडीबीतल्याच एका डेटा डिक्शनरीत आल्या, आणि आकडेवारी डिफॉल्ट 86,400 सेकंद, म्हणजे दिवसभर, जपून ठेवली जाऊ लागली. त्यामुळे यादीतला आकडा कालचा असू शकतो. ताजा अंदाज हवा असेल तर त्या टेबलावर अॅनालाइझ टेबल ही आज्ञा चालवावी. आणि सर्व्हर अजून 5.5 वर अडकला असेल, तर ती मेटाडेटाची सेटिंग आधी बंद करावी.